वेड पांघरून पेडगावला

मराठी भाषेने ज्या गावांवर अन्याय केला आहे त्यांची यादी कुणी करू लागला, तर पहिले नाव आमच्या पेडगावचे घालावे लागेल. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार शाळेत प्रत्येकाला भेटलेला असतो आणि त्याचा वाक्यात उपयोग करून दाखविण्याची हौस प्रत्येकाला पुढे जन्मभर पुरते. मी पेडगावचा. त्यातून मराठीचा प्राध्यापक. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना! नव्या कॉलेजात रुजू झाल्यावर गावाचे नाव सांगितले की समोरचा गृहस्थ मिस्कील हसतो, ‘मग वेड पांघरून आलात, की घरी घडी करून ठेवून आलात?’ असे विचारतो, आणि हा विनोद जगात प्रथम आपणच केला अशा समाधानाने चहाचा घोट घेतो.

म्हणीतले पेडगाव आमचे नव्हे, हे किती जणांना सांगणार? ते अहिल्यानगर जिल्ह्यातले, भीमेच्या काठचे, बहादूरगडाचे पेडगाव, असे जाणकार सांगतात. आमचे पेडगाव परभणी जिल्ह्यातले. काळ्या मातीचे, कापसाचे आणि सोयाबीनचे. येथे वेड पांघरून कुणी येत नाही. उन्हाळ्यात तर अंगावर उपरणेही सहन होत नाही!

पण अलीकडे मला वाटू लागले आहे की, पेडगाव कोणते का असेना, दर वर्षी जून महिन्यात महाराष्ट्रातली निम्मी घरे तिकडेच निघालेली असतात. बारावीचा निकाल लागलेला असतो, प्रवेशपरीक्षांचे गुण हाती येतात, आणि त्या दिवसापासून घरातले प्रत्येक माणूस काहीतरी ठाऊक नसल्याचे सोंग घेऊन वावरू लागते. वडिलांना आपल्या बँकेच्या पुस्तकात किती शिल्लक आहे ते ठाऊक असते. ते मुलाला सांगत नाहीत. मुलाला आपल्याला काय शिकायचे आहे ते ठाऊक असते, निदान काय शिकायचे नाही ते तरी पक्के ठाऊक असते. तो वडिलांना सांगत नाही. आईला दोघांचेही ठाऊक असते. ती पोहे करते.

या सोंगाचे मुख्य भाषण एका वाक्याचे आहे. ‘तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघू.’ मध्यमवर्गीय घरात याहून प्रेमळ वाक्य उच्चारले जात नाही आणि, माझे स्पष्ट मत सांगतो, याहून महाग वाक्यही उच्चारले जात नाही. या वाक्याने मुलाच्या डोक्यावरचा भार उतरत नाही. त्याचा आकडा तेवढा दिसेनासा होतो. आणि आकडा दिसत नसलेले ओझे किती जड असते, हे ज्याने वाहिले त्यालाच विचारावे. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातला एक मुलगा इंजिनियरिंगची चार वर्षे कसाबसा रेटून बाहेर पडला. दुसऱ्याच वर्षी त्याचे मन उडाले होते, शाखा बदलून घेणे शक्यही होते. तो बोलला नाही. वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून किती उचल केली आहे ते त्याला कधी कुणी सांगितले नव्हते. पण घरातल्या खाली आलेल्या आवाजांवरून त्याने तो आकडा आपल्या मनाने ठरविला होता, आणि खऱ्याच्या तिप्पट ठरविला होता.

आकडा लपविण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी नसावी. कारण जुन्या काळी लपविण्याइतकी निवडच नव्हती. आमचा सारा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. पदवी घ्यायची तर हैदराबादला जावे लागे. तेथले उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालचे, आणि शिकविण्याची भाषा उर्दू. औरंगाबादला १९२३ पासून इंटरमीजिएट कॉलेज होते, पण नावाप्रमाणेच ते अर्ध्या वाटेवर सोडून देणारे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढले – तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय – तेव्हा या भागातल्या गरीब मुलाला आपल्या मुलखात पदवीचे दार दिसले. विद्यापीठ व्हायला १९५८ साल उजाडले. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ तर १९९४ मधले. म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीत प्रश्न ‘कुठले कॉलेज?’ असा नव्हताच; ‘हैदराबाद की वखर?’ एवढाच होता. उत्तर बहुधा वखर असे. त्यात सोंग करायला जागा नव्हती.

किंमत नावाची गोष्ट या व्यवहारात उघड शिरली ती १९८३ नंतर. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी दिली. तोपर्यंत ज्यांच्या खिशात पैसे असत ते कर्नाटकात जाऊन देणगी भरून येत. आता ती सोय घराजवळ झाली. देणगीविरुद्ध १९८७ साली कायदा झाला. पुढे न्यायालयात खटल्यांवर खटले झाले, आणि २०१५ च्या कायद्याने खाजगी व्यावसायिक कॉलेजांची फी ठरविणारे शुल्क नियामक प्राधिकरण आले. या साऱ्या खटाटोपाचा पालकांच्या दृष्टीने एकच उपयोग, आणि तो फार मोठा: फी आता छापील असते. कुठल्या कॉलेजला कोणत्या वर्षी किती मंजूर झाली ते कुणालाही पाहता येते. पण गंमत अशी की, छापील आकडा घरबसल्या दिसत असताना आपण तो शेजाऱ्याच्या मेहुण्याला कुजबुजत विचारतो! पैशाविषयी कुजबुजल्याशिवाय आपल्याला ते खरे वाटत नाही.

हे सारे माझ्या डोक्यात पक्के झाले ते २०२५ च्या जूनमध्ये, पेडगावला, आमच्या दादाच्या ओसरीवर.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो शेती पाहतो. सात एकर रान, दोन म्हशी, एक गाय आणि एकुलती एक बैलजोडी हा त्याचा संसार. त्याची थोरली मुलगी, माझी पुतणी, त्या वर्षी बारावी झाली. तिने ‘नीट’ दिली होती. ज्यांच्या घरात अजून हे प्रकरण आलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: डॉक्टरकीच्या कोणत्याही शाखेला जायचे तर सबंध देशात ही एकच परीक्षा, ७२० गुणांची. २०२४ साली तेवीस लाखांहून अधिक मुलामुलींनी ती दिली, एम.बी.बी.एस.च्या जागा देशभरात लाख-सव्वालाख. २०२५ चा पेपर अवघड निघाला, पहिल्या आलेल्या मुलालाही ६८६ च पडले. आमच्या मुलीचे गुण असे होते की, सरकारी एम.बी.बी.एस.पर्यंत हात पोहोचणार नाही, पण फेकून द्यावेत असेही नव्हेत. अशा मधल्या गुणांइतका घराला छळणारा दुसरा प्राणी नाही. नापास मुलाच्या घरात एक दिवस रडारड होते आणि दुसऱ्या दिवशी शांतता असते. मधल्या गुणांच्या घरात चार महिने झोप नसते.

दादाचा निरोप आला, ‘शनिवारी येऊन जा. सोमवारी पैसे भरायचे आहेत.’ कसले, किती, कुणाला, काही नाही. मी गेलो.

रात्री जेवणे झाल्यावर दादाने हळूच मला अंगणात नेले. परभणीला एक एजंट भेटला होता. एका खाजगी आयुर्वेद कॉलेजात ‘सीट पक्की’ करून देणार होता, संस्थेच्या कोट्यातली. सोमवारी एक लाख इसार द्यायचा. पुढे वर्षाला साडेतीन लाख, वसतिगृह वेगळे. मी विचारले, ‘आणि हे येणार कुठून?’ दादा जरा वेळ थांबून म्हणाला, ‘रस्त्याकडचे दोन एकर. गिऱ्हाईक आहे. पण घरात बोलू नको. लेकराला कशाला घोर?’

पाणी प्यायला आत गेलो तर वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, तुमच्या दादांना सांगू नका, पण माझ्या पाटल्या आहेत. लातूरला वर्षभर क्लास लावला तर पोरीचे मार्क वाढतील म्हणतात. रान मोडायला नको.’ म्हणजे रानाची गोष्ट वहिनींना ठाऊक होती. पाटल्यांची गोष्ट दादाला ठाऊक असणार याविषयी मला शंका नव्हती. लातूरचे नाव आमच्याकडे काशीसारखे घेतात. तेथल्या कॉलेजांनी बोर्डाच्या गुणवत्ता याद्या गाजविल्या, त्यातून ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द रूढ झाला, आणि आता क्लास, खोल्या, खानावळी मिळून ते शहराचे एक मोठे जीवनसाधन आहे. पुन्हा परीक्षा देणाऱ्याला तेथे ‘रिपीटर’ म्हणतात. मला हा शब्द बंदुकीच्या जातीसारखा वाटतो; पण तो उच्चारताना पालकांचा चेहरा मोठा आशावादी असतो.

मुलगी माडीवर वाचत बसली होती. वाचत नव्हती, हे पान उलटले जात नव्हते त्यावरून दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर सगळ्यांना बसविले. मी काही पंच नव्हे. वर्गात मुलांना बसते करण्याची सवय, एवढेच. म्हटले, एक वही आणा. मुलीने आपली जीवशास्त्राची वही आणली, मागची पाने कोरी होती. मी म्हणालो, ‘दादा, गेल्या साली सोयाबीनला काय भाव आला?’

‘कामून?’

‘सांग तर.’

सरकारचा हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलमागे ४,८९२ रुपये होता. दादाच्या पट्टीवर चार हजारांच्या आसपासचा आकडा होता. पस्तीस क्विंटल माल. बियाणे, खत, फवारणी, मजुरी, काढणी वजा केली. कापसाचे थोडे, दुधाचे थोडे. मुलगी लिहीत होती आणि दादा सांगत होता. प्रथम तो माझ्याकडे पाहून सांगत होता. दहा मिनिटांनी वहीकडे पाहून सांगू लागला. आणि मग, कसे कोण जाणे, मुलीकडे पाहून सांगू लागला. बेरीज वजाबाकी होऊन वर्षाचे उरले एक लाख ऐंशी हजार. त्यातच घर, धाकट्याची शाळा, आईचे औषध. पोरगी आकड्याकडे बघत राहिली. अठरा वर्षे ती या घरात वाढली होती, पण हे घर वर्षाला कितीवर चालते ते तिने त्या दिवशी प्रथम पाहिले.

मग पानाच्या दुसऱ्या बाजूला खर्च. येथे दोन-तीन गोष्टी अशा आहेत की ज्या शहरातल्या सुशिक्षित घरांतही मी सांगत असतो, म्हणून जरा थांबून सांगतो. पहिली, फी म्हणजे खर्च नव्हे. फी, वसतिगृह, खानावळ, अनामत, पुस्तके, जाणे-येणे असे वेगळे वेगळे लिहावे आणि मग त्याला वर्षांनी गुणावे. वर्षे किती तेही पाहावे. आयुर्वेदाला इंटर्नशिप धरून साडेपाच लागतात. एजंटाचा साडेतीन लाखांचा आकडा अशा रीतीने लिहिला तेव्हा तो एकवीस लाखांवर जाऊन बसला. दादा म्हणाला, ‘एवढे त्याने सांगितले नव्हते.’ त्याने खोटे सांगितले नव्हते. गुणाकार तेवढा केला नव्हता.

दुसरी गोष्ट जागेची जात. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलींपैकी एक सरकारी केंद्रीय फेरीतून आलेली असते आणि दुसरी संस्थेच्या कोट्यातून, आणि दोघींचा हिशेब सर्वस्वी निराळा असतो. महाराष्ट्र सरकारने ८ जुलै २०२४ ला निर्णय काढला: आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पण केंद्रीय फेरीतून गेलात तर! व्यवस्थापनाच्या किंवा संस्थेच्या कोट्यातून गेलात की माफी नाही. म्हणजे जी जागा आमच्या मुलीला फेरीत थांबून कदाचित शुल्कमाफीसह मिळाली असती, तशीच जागा आम्ही दोन एकर रान देऊन, घाईघाईने, आपण होऊन महाग करून घेणार होतो. या व्यवहारात एजंट जी वस्तू विकतो ती जागा नसतेच. तो पालकाची भीती विकत घेतो आणि त्यालाच परत विकतो.

हेही सांगतो की माफीत खानावळ येत नाही. सरकारच्या भत्त्याच्या योजना आहेत – डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्त्याची आहे – पण असे पैसे मागाहून खात्यात येतात, आणि खानावळवाल्याला महिन्याच्या पाच तारखेला लागतात. म्हणून पहिल्या सहा महिन्यांचे आपल्या जवळ असले पाहिजेत, असे मी वहीत लिहायला लावले.

लातूरचा हिशेब त्यानंतर केला. क्लास, खोली, डबा. वहिनींच्या पाटल्यांची गोष्ट येथे आपोआप उघडी पडली, आणि दादा म्हणाला, ‘मला माहीत आहे.’ वहिनी म्हणाल्या, ‘मला पण रानाचं माहीत आहे.’ थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग आई भिंतीला टेकून बसली होती ती म्हणाली, ‘मला दोन्ही माहीत होतं.’

तेव्हा मी मुलीकडे वळलो. म्हटले, ‘सगळ्यांचे झाले. आता तुझे सांग. आकडा नव्हे. तुला काय करायचे आहे?’

ती खाली मान घालून वहीची घडी करीत राहिली. मग म्हणाली, ‘काका, मला पुन्हा नीट द्यायची नाही. आणि आयुर्वेद पण नको. मला व्हेटर्नरीला जायचं आहे.’

ओसरीवर जी शांतता पसरली ती मी शब्दांत सांगू शकणार नाही. दादाच्या तोंडून एवढेच निघाले, ‘ढोराचा डॉक्टर?’ वहिनी म्हणाल्या, ‘अगं माय, पोरीच्या जातीनं म्हशीच्या मागं उभं राहायचं का?’ मुलीने शांतपणे उत्तर दिले, ‘रोज उभीच राहते की मी. धार कोण काढतं?’

हे उत्तर ऐकून मला हसू आले, पण हसण्यासारखा प्रसंग नव्हता. दादाला आपली मुलगी डॉक्टर व्हायला हवी होती. गावात पहिली. पांढरा कोट, गळ्यात नळी, चार माणसांत नाव. त्या चित्रात म्हैस कुठेच नव्हती. आणि मुलीने दोन वर्षे ते चित्र मोडायला नको म्हणून तोंड उघडले नव्हते. तिला वाटत होते की बाबांची पुष्कळ तयारी असेल, आपण लहान मागणे मागितले तर त्यांना कमीपणा वाटेल. तिला दोन एकरांची गोष्ट ठाऊक नव्हती, तरी ती एका नसलेल्या श्रीमंतीचा मान राखीत होती!

आईने मग जुनी गोष्ट काढली. २०२२ साली लम्पीची साथ आली होती. महाराष्ट्रभर जनावरे गाठींनी भरून बसली होती. आमच्या जोडीतला एक बैल गेला. डॉक्टर आले ते तिसऱ्या दिवशी. त्यांचाही दोष नव्हता, एका माणसाकडे किती गावे! आई म्हणाली, ‘तवा हीच रात रात गोठ्यात बसली होती. तुम्ही झोपला होता.’ दादा काही बोलला नाही. उठून गोठ्याकडे गेला. वैरण टाकायची वेळ नव्हती, तरी टाकून आला.

मला येथे एक अवांतर सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी मराठी शिकवितो. माझ्या वर्गात दर वर्षी येणाऱ्यांपैकी काही जण मराठीची आवड म्हणून येतात आणि काही जण बाकी सगळीकडून उरले म्हणून येतात. वर्षभर शिकवूनही कोण कुठला ते पुष्कळदा कळत नाही, कारण आवडीने आलेलासुद्धा घरी ‘दुसरीकडे नंबर लागला नाही’ असे सांगून आलेला असतो! आपल्याला आवडते म्हणून घेतले, हे कारण आपल्या घरांत पुरेसे समजले जात नाही. काही तरी हुकल्याचा दाखला जोडावा लागतो. माझ्या पुतणीजवळ तो दाखला होता, एम.बी.बी.एस. हुकले होते, आणि मला वाटते, त्या बळावरच तिला तेवढे बोलता आले.

संध्याकाळपर्यंत दादाची भाषा बदलली होती. ‘हे कुठे शिकवितात?’ असे त्याने विचारले तेव्हा मला गंमत वाटली. परभणीतच शिकवितात! कृषी विद्यापीठ परभणीला १९७२ मध्ये झाले. पशुवैद्यक महाविद्यालयही त्याच सालचे. आता ते नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. दादा बाजाराच्या दिवशी त्या फाटकावरून शेकडो वेळा गेला असेल. माणूस फाटकावरून जातो आणि आत आपल्या मुलीचे काही असेल अशी कल्पनाही त्याला शिवत नाही. नागपूर, मुंबई, शिरवळ, उदगीर अशी आणखीही कॉलेजे याच विद्यापीठाची आहेत. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे, ‘नीट’चे गुण धरतात, अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा. पण अर्ज वेगळा करावा लागतो. वैद्यकीयचा अर्ज भरला की सगळीकडे नाव जाते अशा समजुतीत कितीतरी मुलांची ही तारीख निघून जाते. पुतणीने तारीख पाठ करून ठेवली होती. दोन वर्षांपासून.

सोमवारी इसार गेला नाही. त्याऐवजी दादा आणि ती सेतू केंद्रात गेली. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, त्याची वैधता, नॉन-क्रिमीलेअर. आपल्याकडे मुलाचा जन्म झाला हे एका कागदाने सिद्ध होते, पण तो शिकायला पात्र आहे हे सिद्ध करायला सहा लागतात. शहरातल्या वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे की, ही कागदे अकरावीतच करून ठेवावीत. निकालानंतर त्या खिडकीसमोर उभे राहणे म्हणजे यात्रेत चप्पल शोधणे.

पसंतीक्रम लिहिताना बाप-लेकीचे पुन्हा भांडण झाले. दादाला परभणी पहिले हवे होते. तिलाही तेच हवे होते, पण दुसऱ्या क्रमांकावर तिने उदगीर लिहिले आणि दादाने मुंबई म्हटले, कारण मुंबई म्हटल्यावर लोकांना काही समजावून सांगावे लागत नाही. तिने वही उघडली आणि मुंबईच्या महिन्याच्या खर्चावर बोट ठेवले. हे असे बोट ठेवणे मला फार आवडले. महिन्यापूर्वी याच घरात तिला पैशाचे नाव काढू देत नव्हते. आता ती बापाला पैसे शिकवीत होती, आणि तो ऐकत होता.

मग याद्यांची वाट. ती सगळ्यांच्या ओळखीची आहे, तिच्याविषयी काय लिहावे! पावसाळा गेला. गेला म्हणजे जाता जाता त्याने आम्हाला बुडविले. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटले. नद्या गावांत शिरल्या, उभी पिके पाण्याखाली गेली. दादाचे सोयाबीन शेंगांतच कोंब धरून काळे पडले. मी फोन केला तेव्हा तो पिकाविषयी एक वाक्य बोलला आणि म्हणाला, ‘तिचे उदगीरला लागले.’

मला वाटले, झाले, आता पुन्हा ते जुने वाक्य येणार: तू शिक, पैशाचं आम्ही बघू. पण वही घरात होती. मुलीनेच ती काढली आणि सोयाबीनच्या नावापुढचा आकडा खोडला. जमा बाजूला उरले दूध आणि थोडासा कापूस. शिक्षण शुल्क माफीत बसत होते. राहणे आणि खाणे उभे होते. ती म्हणाली, ‘कर्ज माझ्या नावानं काढू. बाबा सोबत सही करतील.’ शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत आपल्या पदरचे काही घालावे लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, अशी सर्वसाधारण रीत आहे. हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षाने सुरू होतात. व्याज मात्र शिकत असतानाही मोजले जाते, आणि हे तिने दादाला आधी सांगितले. दादाला कर्ज नवे नव्हते. पण आजवर प्रत्येक कर्ज त्याने एकट्याने, कुणाला कळू न देता काढले होते. बँकेत मुलगी शेजारच्या खुर्चीवर बसून प्रत्येक ओळ वाचते आहे आणि मग आधी स्वतः सही करते आहे, हा अनुभव त्याला नवा होता. बाहेर आल्यावर त्याने तिला रसवंतीत नेऊन रस पाजला. ‘मला नको होता,’ ती मला म्हणाली, ‘पण त्यांना पाजायचा होता.’

दोन एकर अजून आहेत. वहिनींच्या पाटल्याही आहेत, पण त्यांनी मला बजावले आहे की, पाचव्या वर्षापर्यंत राहतील याची खात्री देऊ नका.

उदगीरला सोडायला मीही गेलो होतो. वसतिगृहाच्या दारात ट्रंका, गाद्या, बादल्या आणि आया यांची एकच गर्दी होती. दादाने कॉलेजच्या आवारात बांधलेल्या एका लाल कंधारी वळूभोवती दोन चकरा मारल्या, दात पाहिले, खांदा दाबला आणि ‘जातिवंत आहे’ असे प्रमाणपत्र दिले. दोन-तीन दुसरे बाप लगेच जवळ आले. कोण कुठला, रान किती, पाण्याची सोय काय, अशी बोलणी सुरू झाली. मुलींकडे कुणाचेच लक्ष नव्हते.

पहिल्या महिन्यात त्यांना हाडे शिकविली. एका रात्री तिने आजीला फोन करून विचारले, ‘आजी, बैलाला बरगड्या किती?’ आईने क्षणभरही न थांबता उत्तर दिले. ते चुकीचे होते. पोरीने बरोबर आकडा सांगितल्यावर आई म्हणाली, ‘तुमच्या कॉलेजातल्या बैलाला असतील.’